नावेची ओटी

नावेची ओटी भरताना पुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी बघून त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

नाव म्हणजे सावरघाटची जुनी, सागवानी फळ्यांची, रुंद पोटाची नाव. गोदावरीवर पूल नव्हता तोवर ह्या काठावरून त्या काठाला जे काही गेलं ते तिच्यातूनच गेलं. नवऱ्या गेल्या, अडलेल्या बाळंतिणी गेल्या, शेळ्या गेल्या, द्राक्षाच्या पेट्या गेल्या, मतपेटी गेली आणि तिच्याबरोबर उलट्या करणारा साहेबही गेला. वल्हं पुंजा भोयाच्या हातात, त्याच्या आधी त्याच्या बापाच्या. मग पूल झाला. उद्घाटनाला मांडव पडला, हार आले, भाषणं झाली. ज्याने तोवर गाव पाण्यातून पार नेलं त्याला वर खुर्ची तर सोडाच, खालच्या सतरंजीवर बस असंही कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटावर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

नाव लिंबाखाली पालथी पडली. तिच्या शेजारी कुठल्याशा सरकारी खात्याची लोखंडी लाँच आधीपासून गंजत होती. महापुरात माणसं काढायला म्हणून आणलेली. पूर आले नि गेले, ती एकदाही सुरू झाली नाही. म्हणजे एक राबून राबून रिटायर झाली होती आणि एक न राबता. दोघींच्या पोटात कुत्री व्यायची.

आणि मग सिंहस्थ तोंडावर आला. सिंहस्थ आला की नाशिकच्या आजूबाजूला ज्याला त्याला नदी आठवते. एरवी तीच नदी शहराचं गटार पोटात घेऊन काळी-निळी होऊन खाली येते, तेव्हा ती कोणाचीच आई नसते. आता मात्र सगळ्यांना काठ हवा होता, सूर्यास्त हवा होता. गावातल्या संतोषने हे बरोबर हेरलं. पुलाच्या खालच्या अंगाला बंधाऱ्याचं पाणी तुंबतं, तिथं थंडीत पक्षी येतात. रविवारी शहरातली माणसं आणायची, नावेतून फिरवायची, गावरान जेवण घालायचं. नवी फायबरची बोट घेण्यापेक्षा पुंजाबाबाची जुनी नाव घेतली तर लोकांना जास्त आवडेल, हेही त्याला कळलं. लोकांना जुनं आवडतं, फक्त ते दुसऱ्याचं असावं लागतं.

त्याने नाव सुलटी केली, फटी भरून घेतल्या, मागे मोटर बसवली, वर रंगीत कापडाचं छत टाकलं, बाकडी ठोकली, केशरी जाकिटं टांगली. नाव पोरीसारखी सजली.

पुंजाच्या घराण्यात नाव विकत नाहीत, देतात. पैसे घेतात, पण तोंडाने 'लेक दिली' असंच म्हणतात, आणि लेकीसारखीच तिची पाठवणी करतात. नाकाडीला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू, वर हिरव्या बांगड्या बांधायच्या, खण, नारळ, तांदूळ. ओटी घरच्या बाईने भरायची, म्हणून लंकाबाईनेच भरली. पुंजा बाजूला उभा राहून उपरण्याने डोळे पुसत होता. पोरं मोबाइल धरून चहूकडे.

"आबा, या, बसा नावेत," संतोष म्हणाला. "पहिला चहा तुमच्यासोबत."

पुंजाने दोन्ही हात जोडले. "नाय बाबा. लेक दिली आता तुला. लेकीच्या घरचं पाणी बी घेत नाय आम्ही."

टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मागे बासरी लावून गावोगाव फिरला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, असा बाप होणे नाही.

लंकाबाईने तो शेजारणीच्या मोबाइलमध्ये पाहिला आणि मोबाइल परत देताना म्हणाली, "खरंय. असा होऊच नये."

ह्याच बापाची खरी लेक, हाडामांसाची, योगिनी, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहत होती. त्याच महिन्यात तिची गर्भाची पिशवी काढली होती. आणि तिच्या घरी जाऊन ह्या बापाने ओठाला पाण्याचा थेंब लावला नव्हता.

रीत अशी: लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. घेतलं तर लेकीचं वाईट होतं, कूस बंद होते. हल्ली कोण पाळतं? गावात निम्म्या लोकांनी सोडून दिलं. लग्नानंतर महिन्याभरात जावयाकडे मटण खाऊन ढेकर देत येणारे बाप लंकाबाईने पाहिले होते. पण पुंजा पाळायचा. लंकाबाईनेही पाळलं. योगिनीचं लग्न झालं, वर्षं गेली, दवाखाने झाले, नवस झाले, मूल झालं नाही. जसजशी वर्षं गेली तसतशी रीत आणखी घट्ट झाली. आपण एक घोट प्यावा आणि तेवढ्यानेच पोरीचं नशीब फिरावं, ह्या भीतीने लंकाबाई लेकीकडे जाताना घरची पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन जायची.

ऑपरेशन झालं तेव्हा ती सेवेला गेली. लेकीच्या ओट्यावर लेकीच्या गॅसवर लेकीसाठी आणि जावयासाठी स्वयंपाक करायचा, त्यांना वाढायचं, आणि मग आपलं फडकं घेऊन जिन्यात जाऊन बसायचं. खाली-वर जाणारी माणसं बघायची. एक बाई म्हणाली, "मावशी, इथं का बसलात?"

"वारा लागतो चांगला," लंकाबाई म्हणाली.

वारा कसला, जिन्यात कचऱ्याच्या बादल्यांचा वास होता.

आत पडलेल्या योगिनीला हे सगळं ऐकू जायचं. एके दिवशी लंकाबाईनेच तोंड उघडलं. "आता काय राहिलं गं सांभाळायला? मी खाते तुझ्याकडं. तुझ्या आबांना नाय सांगायचं."

योगिनी छताकडे बघत होती. "नको आई. तू चोरून खाल्लंस तर मी काहीतरी पाप केलंय असंच झालं ना. आबांना घेऊन ये. दोघं माझ्या घरात बसा, दार उघडं ठेवून जेवा. नाहीतर जिनाच बरा."

एवढंच हवं होतं लेकीला. बंगला मागितला नव्हता, गाडी मागितली नव्हती. आईबापाने एकदा आपल्या घरी जेवावं. लंकाबाईला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना तेच, कपडे धुताना तेच. तिने घरी येऊन पुंजाला सांगितलं.

"रीत हाय," पुंजा म्हणाला.

"मूल होईपर्यंत रीत हाय. पिशवी काढली तिची. आता कधी व्हायचं मूल? मग काय मरेपर्यंत नाय?"

पुंजाने भिंतीकडे तोंड केलं. "तू मला शिकवू नको."

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाशी भांडण होत नाही. आणि चार दिवसांनी तोच माणूस लाकडाच्या नावेसाठी चारचौघांत रडला. म्हणून तो तिळपापड.

रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. संतोषने विचारलं, "काकू, जेवणाचं तुम्ही बघता का?" लंकाबाई हो म्हणाली. पुंजाला वाटलं, नावेच्या मायेने म्हणाली. तसलं काही नव्हतं. घरात त्या माणसाच्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा पाण्यावर बरं, इतकंच.

संतोषने दिलेल्या शिध्यातून ती घरून बाजरीच्या भाकरी, शेवभाजी, ठेचा, भात करून न्यायची. नावेत पुढच्या बाजूला लाल माठ होता, त्याच्या शेजारी टोप मांडायची आणि बंधाऱ्याच्या मधोमध नाव थांबली की वाढायची. माणसं नाना तऱ्हेची. कोणी पक्ष्यांची इंग्रजी नावं ठासून ठासून सांगायचा. कोणी नाकाला रुमाल लावून पाणी किती सुंदर आहे म्हणायची. एकाने विचारलं, "काकू, ह्या पाण्यात मगरी आहेत का हो?"

"मगरी नायत. ठेकेदार हायेत," लंकाबाई म्हणाली.

सगळ्यांना वाढून झालं की ती मात्र नावेत काही खायची नाही. नाव काठाला लागली की लिंबाखाली बसून खायची. का, ते तिने स्वतःलाच एकदा विचारलं आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं जिन्यात खाऊन खाऊन अंगाला वळण पडलं होतं. ओटी तिच्याच हातांनी भरली होती ना.

फाल्गुनातला एक रविवार. ऊन तापायला लागलं होतं. वरच्या धरणातून शेतीला आवर्तन सुटलं आणि त्या पाण्याबरोबर वरची सगळी पाणवेल गठ्ठ्यांनी खाली आली. हिरवीगार, जांभळ्या फुलांची. नावेतल्या बायका म्हणाल्या, किती छान. संतोषला मात्र पुढे काय होणार ते कळलं होतं. बघता बघता नावेच्या चहूबाजूंनी वेल आली, मोटरच्या पात्याला गुंडाळली, मोटर घरघरली आणि बंद पडली. पुढे हिरवं, मागे हिरवं, काठ लांब.

संतोषने दोरी ओढून पाहिली, शिव्या देऊन पाहिल्या. मोटरचा वास यायला लागला. मग त्याने पुंजाला फोन लावला.

पुंजा आला तो ट्रकच्या ट्यूबवर बसून. मासे धरायला आता त्याच्याकडे तेवढंच होतं, हवा भरलेली ट्यूब आणि हातात फळीचे दोन तुकडे. कमरेला विळा खोचलेला. वेलीतून वाट काढत तो एखाद्या म्हाताऱ्या बदकासारखा डुलत आला. माणसांनी मोबाइल वर केले.

"व्हिडिओ नंतर काढा," लंकाबाई म्हणाली. "आधी वेल ओढा. हात हायेत ना?"

आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ओढली. पक्ष्यांची नावं सांगणारा चष्मेवाला कोपरापर्यंत चिखलात गेला. पुंजा पाण्यात उतरून नावेच्या बुडाशी लटकत वेल कापत राहिला. डोकं खाली जायचं, वर यायचं, तोंडातून काळं पाणी थुंकायचा, परत खाली. बराच वेळ गेला. पातं मोकळं झालं, पण मोटर काही चालू होईना.

"राहू दे ती," पुंजा म्हणाला. नावेच्या कडेला हात लावून तो क्षणभर थांबला, कपाळ टेकवलं आणि वर चढला. बाकड्याखाली त्याचा जुना लांब बांबू तसाच बांधलेला होता. शोभेला ठेवलेला. त्याने तो सोडवला, पुढे उभा राहिला, तळाला टेकवला आणि सगळं अंग घालून रेटला. नाव हलली. वेल फाटत गेली. मोटर नव्हती म्हणून आवाजही नव्हता, फक्त वेलीचं सळसळणं आणि पुंजाचं हुं, हुं. पूल झाल्यापासून लंकाबाईने त्याला असा पाहिला नव्हता. तो हसत होता. दात नव्हते तिथं फटी दिसत होत्या, पण हसत होता.

मोकळ्या पाण्यात आल्यावर संतोष म्हणाला, "आबा, टेका जरा. आता वाहत जाईल ती. काकू, वाढा सगळ्यांना, भुकेने मेले लोक."

लंकाबाईने ताटल्या भरल्या. एक एक करत बाकड्यांवर दिल्या. सगळ्यात शेवटी पुढे नाकाडीशी पुंजा बसला होता, ओल्या धोतराने, बांबू काखेत धरून. एक ताटली उरली होती. ती घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि थांबली.

आठवण करून द्यावी का? तिच्या जिभेवर आलं होतं. जन्मभर तिनेच आठवण करून दिली होती. आज चतुर्थी आहे, आज अमावस्या आहे, चपला काढा, हे खाऊ नका. रीत पुरुषाची आणि ती लक्षात ठेवायची बाईने.

"आण की इकडं," पुंजा म्हणाला. "लय भूक लागली. बघत काय बसली?"

तिने ताटली दिली.

पुंजा जेवला. भाकरी कुस्करून शेवभाजीत बुडवून, बोटं चाटून. ठेचा मागितला. कांदा मागितला. परत भाकरी मागितली. लंकाबाई देत गेली. मग त्याने हात लांब केला, तिने माठातलं पाणी तांब्यात भरून दिलं आणि त्याने मान वर करून तो तांब्या संपवला. गळ्याची घाटी खालीवर होताना ती बघत राहिली. त्याने मिशा पुसल्या, ढेकर दिला.

मग ती समोर बसली.

"पोट भरलं?"

"भरलं."

"कोणाच्या घरी जेवला?"

"आं?"

"कोणाच्या घरी जेवला, म्हणते मी."

पुंजाने तिच्याकडे पाहिलं. मग नाकाडीकडे पाहिलं. तिथं हिरव्या बांगड्या अजून बांधलेल्या होत्या, ऊन खाऊन फिकट झालेल्या. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. संतोषला आधी हसू आलं, मग दोघांची तोंडं बघून त्याने मोटरीत डोकं घातलं.

"ही लाकडाची हाय," पुंजा म्हणाला.

"ओटी भरून घेतली तेव्हा नव्हती लाकडाची? रडला तेव्हा नव्हती?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? चहा नाय घेतला तुम्ही. हात जोडले. लेकीच्या घरचं पाणी बी घेत नाय म्हणालात. साऱ्या जिल्ह्याने ऐकलं."

"मला भान नाय राहिलं. गंगेत बुडी मारतो."

"मारा. नाशिकचं सगळं गटार हाय त्यात, चांगले शुद्ध व्हाल."

"काय झालं काकू?" मागून एक बाई म्हणाली. "काही प्रॉब्लेम आहे का?"

"काही नाय ताई. ह्यांनी लेकीकडं जेवण केलं, पहिल्यांदा."

"अय्या, छान."

पुंजा खालच्या आवाजात म्हणाला, "अगं पण हिचं काय घेऊन बसली. हिला कुठं पोर व्हायचंय..."

आणि तो थांबला. बोललेलं त्याच्याच कानात गेलं होतं.

लंकाबाई उठली, ताटल्या गोळा करायला लागली. "तेच म्हणते मी," ती म्हणाली. "तिला कुठं व्हायचंय."

पुंजाने उठून नाव काठाला लावली. घरी येऊन आडवा झाला. लंकाबाईला वाटलं, आता पुन्हा भिंत. पण भिंत नव्हती. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तो घाटावर गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. ती पाठोपाठ गेली तर हा गडी नावेभोवती फिरतोय, बुडाला हात लावतोय, फटी तपासतोय.

"काय शोधता?"

"काय नाय. पाणी शिरलं का बघतो."

बाप चुकला म्हणून लेक बुडेल, ह्याची वाट बघत होता तो. नाव मजेत तरंगत होती. एक बगळा तिच्या छतावर बसून हगत होता.

त्याच आठवड्यात योगिनीचा फोन आला. "आई, आबांना काय झालंय गं?"

"का?"

"दोनदा फोन केला त्यांनी. स्वतःहून. बरी आहेस ना, विचारलं. टाके दुखतात का, विचारलं. मी म्हटलं, आबा, टाके कधीच वाळले, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारताय. तर फोन ठेवून दिला."

"म्हातारे झालेत," लंकाबाई म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी ती पुंजाला भाकरी वाढत होती. तो पहिला घास हातात धरून बसला.

"मी पाळलं," तो म्हणाला. ताटाकडे बघून. "एवढी वर्षं पाळलं. तहान लागली तरी तिच्या दारात पाणी नाय पिलो."

"माहीत हाय."

"तुला वाटतं मी रीतीचा लय मोठा. मला रीतीचं काय गं. माझा बाप मासे खाऊन देवळात जायचा. मी भ्यालो. म्हटलं, आपण पाणी पिलो आन पोरीचं काही बरंवाईट झालं तर. म्हणून नाय पिलो." त्याने घास परत ताटात ठेवला. "पाळून काय झालं? झालंच ना."

लंकाबाईला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून परत राग आला. हे आधी बोलला असता तर? तीही भ्यालीच होती की. एका घरात दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीला भीत राहिली, आणि एकमेकांना ठणकावून सांगत राहिली की ही रीत आहे.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता काय. नावेचं जेवलो, नाव काय बुडाली नाय." तो उठला. "दाढी करून येतो."

"भाकरी?"

"राहू दे. तिथं जेवू."

लंकाबाईने लुगडं बदललं. सवयीने हात बाटलीकडे गेला, तिने तो मागे घेतला. फडकंही नाही घेतलं. एसटीत बसल्यावर मांडी मोकळी मोकळी वाटायला लागली, काहीतरी विसरल्यासारखी. ऊन रणरणत होतं, पत्रा तापला होता. नाशिकला द्वारका चौकात उतरल्यावर पुंजाची जीभ टाळूला चिकटली.

"पाण्याची बाटली घेऊ का इकत?"

"नाय."

"अगं मरतोय मी."

"मरा. तिथंच प्यायचं."

रिक्षाने इंदिरानगर. जिने चढून गेले. योगिनीने दार उघडलं. जावई मनोज कंपनीत गेला होता, ती एकटीच होती, केस मोकळे, हातात झाडू.

"कळवायचं नाही का? या. बसा."

ते बसले. पंखा लावला. योगिनी समोर स्टुलावर बसली. कसे आलात, एसटीला गर्दी होती का, संतोषची नाव कशी चालली. लंकाबाई उत्तरं देत होती आणि वाट बघत होती. पुंजा घाम पुसत होता आणि वाट बघत होता. आणि मग लंकाबाईच्या ध्यानात आलं की ही पोर पाणी विचारणार नाही. कशी विचारेल? दारात आलेल्या कुरियरवाल्याला ती पाणी विचारत असेल, शेजारणीला चहा विचारत असेल. आईबापाला न विचारण्याची सवय त्यांनीच तिला लावली होती. तिच्या डोळ्यांना दिसत होतं की बापाचे ओठ सुकलेत, आणि तरी ती बसल्या जागेवरून हलत नव्हती.

लंकाबाई बोलली असती. पण नाही बोलली. हे त्याचं काम होतं.

पुंजाने घसा साफ केला. "योगे."

"काय आबा?"

"पाणी दे."

"बाटली विसरलात का?" ती उठली. "थांबा, खाली दुकान आहे, बिसलेरी आणते."

"बिसलेरी नको. तुझ्या घरचं दे. लय तहान लागली."

योगिनी उभीच राहिली. आईकडे पाहिलं. लंकाबाईने मान हलवली. मग ती आत गेली. स्टीलचा तांब्या आणि दोन ग्लास घेऊन आली, ग्लास भरताना खाली सांडलं. पुंजाने एक रिकामा केला. पुढे केला. तिने परत भरला, तोही संपवला. लंकाबाईने आपला ग्लास दोन्ही हातांनी धरला. माठातलं पाणी होतं, वाळ्याचा वास होता त्याला. पोरगी माठात वाळा टाकते, हे तिला माहीतच नव्हतं.

योगिनी वळून स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. साधा नाही, आपटल्याचा. लंकाबाई उठून आत गेली. पोरगी रडत नव्हती. तिचं तोंड लाल झालं होतं.

"आता?" योगिनी म्हणाली. "एवढ्या वर्षांनी आता? मी आत पडल्या पडल्या जिन्यातली माणसं मोजायचे तुझ्यासाठी. कोण काय म्हणेल म्हणून. आणि आज आले आणि पाणी दे."

"हां. आता."

"असं कसं पण?"

"ते जेवताना सांगते. नावेत जेवले तुझे आबा, तिची गोष्ट हाय लय मोठी. भांडायचं तर भांड. पण जेवल्यावर भांड, उपाशी हाय मी सकाळपासून."

योगिनीने डोळ्यांवरून दंडाची बाही फिरवली. "घरात काही नाहीये. वरण-भात होईल. भेंडी आहे कालची."

"कालची चालंल."

पुढच्या खोलीत ताटं मांडली. योगिनी जाऊन बाहेरचं दार सताड उघडून आली आणि दाराला पायपुसण्याची घडी लावली, वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून. जिन्यातून कोणी गेलं. "पाहुणे वाटतं?" आवाज आला.

"आई आणि आबा," योगिनी मोठ्याने म्हणाली. "जेवतायत."

पुंजाने भात कालवला. लंकाबाईने त्याच्याकडे न बघताच घास घेतला. भेंडी थोडी करपलेली होती. तिने परत मागितली. पोट भरल्यावरही परत मागितली. तिने नावेची गोष्ट सांगितली. बगळ्यापर्यंत आल्यावर योगिनी एवढी हसली की तिला पोटावर हात धरावा लागला.

"मीठ कमी हाय वरणाला," पुंजा म्हणाला.

लंकाबाईने डोळे वटारले. पण योगिनीने मीठ आणलं नाही. "तेवढंच मिळेल. बीपी आहे तुम्हाला. माझ्या घरी आलात, माझ्या घरचंच खायचं."

"पहिल्यांदा आलो जेवायला आन मीठ नाय."

"पहिल्यांदा आलात ही माझी चूक आहे का?"

त्यांचं ते सुरू झालं. दोघंही हटायचे नाहीत, बापाचीच पोर ती. लंकाबाईने ताट उचलायला हात घातला तर योगिनीने ते ओढून घेतलं. "तू आडवी हो आतल्या खोलीत. पंखा लाव."

लंकाबाई आतल्या खोलीत गेली. आजवर ती ह्या घरात दुपारी आडवी झाली नव्हती, परतीची एसटी धरायची असायची. तिने उशी घेतली. बाहेर मिठावरून वाद चाललाच होता, मध्येच मनोजरावांना फोन कर, संध्याकाळी मासे आणायला सांग, असं पुंजा म्हणाला, आणि योगिनी म्हणाली, म्हणजे मुक्काम का? त्यावर पुंजा काय म्हणाला ते लंकाबाईला ऐकू आलं नाही. तिला झोप लागली होती.